ताकातोरीचा नकार : कोबेचा भूकंप आणि कागदाचे चर्च

1995 च्या हिवाळ्यात शिगेरू बान हे टोकियोचे तरुण वास्तुविशारद जपानच्या कोबे शहरातल्या ताकातोरी धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक समाजात पोहोचले, तेव्हा तिथल्या चर्चची लाकडी इमारत भूकंपानंतरच्या आगीत जळून गेलेली होती. रविवारची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, उघड्यावर, शेकोटीभोवती चालली होती. बान धर्मगुरूंना भेटले आणि म्हणाले, मी तुम्हाला कागदाच्या नळ्यांचे चर्च बांधून देतो. धर्मगुरू होते फादर हिरोशी कांडा. आगीत सर्वस्व गमावलेल्या माणसांसमोर कोणी कागदाच्या इमारतीची गोष्ट काढावी, हेच त्यांना वेडेपणाचे वाटले. पण नकाराचे खरे कारण वेगळे होते. लोकांची घरे उभी राहत नाहीत तोवर चर्च उभारायचे नाही, असे त्यांचे मत होते. इमारत गेल्यावरच आपण खऱ्या अर्थाने चर्च झालो, असेही त्यांनी बान यांना सांगितले.

चर्च म्हणजे विटा-चुना नव्हे, माणसे, हे आपण प्रवचनांत कितीदा तरी ऐकतो. फादर कांडा यांनी ते म्हटले ते कोणीतरी आपण होऊन इमारत देऊ करत असताना. माझ्या मते या प्रकरणाचे सारे मोल तिथे आहे. त्या नकारानंतर पुढच्या काही महिन्यांत ताकातोरीत जे जे घडले, त्याचा क्रम नीट लावून पाहिला तर आपत्तीनंतरची सामूहिक उपासना म्हणजे काय, हे बऱ्याच अंशी उलगडते.

नागाता

17 जानेवारी 1995, मंगळवार, पहाटे 5 वाजून 46 मिनिटे. आवाजी बेटाच्या उत्तर टोकाजवळ केंद्र असलेला भूकंप, जपानी मोजमापानुसार तीव्रता 7.3. मृतांचा अधिकृत आकडा 6,434. बहुतेक माणसे अंथरुणातच, कोसळलेल्या जुन्या लाकडी घरांखाली गेली. वादळात छप्पर उडू नये म्हणून या घरांवर जड कौले घालत, आणि ते वजन पेलणाऱ्या भिंती मात्र बेताच्या असत. त्याच्या सव्वा वर्ष आधी किल्लारीत दगडी भिंती आणि मातीची माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर आली होती. कोबेत छपरांनी जीव घेतले.

शहराच्या पश्चिमेकडचा नागाता हा भाग त्यातही दुबळा. अरुंद गल्ल्या, खेटून बांधलेली लाकडी घरे आणि घराघरांत कृत्रिम चामड्याचे बूट बनवणारे लहान कारखाने. रबर, गोंद, रसायने यांचा साठा वस्तीतच. भूकंपाने पाण्याच्या मुख्य वाहिन्या फुटल्या, त्यामुळे अग्निशामक दलाच्या नळांना पाणी येईना. आग लागली ती पसरतच गेली. ताकातोरी चर्च याच पट्ट्यात होते.

इथे कोण राहत होते, हे समजल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. जपानमध्ये कॅथलिक माणसे अडीचशेत एकही भरत नाहीत. ताकातोरीच्या धर्मग्रामात मात्र जपानी कुटुंबांच्या जोडीला व्हिएतनामी निर्वासित होते. 1975 नंतर होड्यांतून देश सोडलेल्या या लोकांसाठी जपान सरकारने 1979 मध्ये कोबेजवळच्या हिमेजी शहरात पुनर्वसन केंद्र उघडले होते. तिथून बाहेर पडलेल्या कुटुंबांना भाषा फारशी न येताही करता येईल असे काम नागाताच्या बूट कारखान्यांत मिळाले, आणि त्यांतले बरेच जण कॅथलिक असल्याने रविवारी ते ताकातोरीला येऊ लागले. याच वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कोरियन लोकही होते. एका छपराखाली उपासना होत होती, पण भाषा वेगळी, रीत वेगळी, आणि मिस्सा संपली की ज्याची त्याची वाट वेगळी. मुंबईच्या उपनगरांत किंवा वसईत परप्रांतीय कॅथलिकांसाठी त्यांच्या भाषेत वेगळी मिस्सा होते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

आगीत चर्च गेले, पण आवारातला हात पसरून उभा असलेला येशूचा पुतळा वाचला. त्याच्या आसपास येऊन आग थांबली. वर्तमानपत्रांनी त्याला चमत्काराचा पुतळा म्हटले आणि त्याची छायाचित्रे सगळीकडे गेली. त्या पुतळ्याकडे पाहून ज्यांना धीर आला त्यांचा धीर मला खरा वाटतो. तरीही आग पुतळ्यापाशी थांबली हे देवाचे कृत्य मानले, तर शेजारच्या गल्लीत ती थांबली नाही हेही कोणाचे तरी कृत्य मानावे लागते, आणि त्या गल्लीत माणसे मेली होती. म्हणून या प्रकरणाचा गाभा मी पुतळ्यात शोधत नाही. पुतळ्यासमोरच्या राखेच्या मोकळ्या जागेत पुढे जे उभे राहिले, त्यात शोधतो.

उघड्यावरची मिस्सा

त्या मोकळ्या जागेत मदतकेंद्र सुरू झाले. देशभरातून स्वयंसेवक येऊ लागले. त्यांतल्या बहुतेकांचा ख्रिस्ती श्रद्धेशी काही संबंध नव्हता. अन्न शिजवणे, कपडे वाटणे, ढिगारे उपसणे, आजाऱ्यांची चौकशी, सगळे चर्चच्या आवारातून. आणि रविवारी तिथेच मिस्सा. जानेवारी-फेब्रुवारीची कोबेची थंडी कडक असते, म्हणून शेकोटी पेटवलेली. आठवडाभर ज्यांनी एकाच रांगेत भांडी धरली होती, तेच जपानी आणि व्हिएतनामी त्या शेकोटीभोवती एकत्र उभे राहत होते.

फादर कांडा यांचा नकार कोणत्या अनुभवातून आला, ते इथे दिसते. पूर्वी भिंती होत्या, बाके होती, वेळापत्रक होते, आणि त्या व्यवस्थेत दोन समाज एकमेकांना न भेटता एकाच वेदीपुढे गुडघे टेकू शकत होते. भिंती गेल्या तशी ती सोयही गेली. अशा वेळी घाईने नवी इमारत बांधली असती तर जुनी बसण्याची जागाही आपोआप परत आली असती, आणि तिच्याबरोबर जुने अंतरही.

आपत्तीनंतर प्रार्थनास्थळ लवकर बांधावे, लोकांना आधार मिळतो, असे मानणाऱ्यांचा मी अनादर करत नाही. तो आधार खरा असतो. ज्याचे घर गेले त्याला निदान देवाचे घर तरी उभे दिसावे, ही ओढ माणसाची आहे. पण आधार पोहोचायला हवा तो आधी कोणाला, हा प्रश्न सुटत नाही. ताकातोरीत त्याचे उत्तर स्पष्ट होते. उद्यानात तंबू ठोकून राहणाऱ्या व्हिएतनामी कुटुंबांना.

उद्यानातले तंबू

सरकारने तात्पुरत्या घरांच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर बांधल्या, पण मोकळी जमीन होती तिथे, म्हणजे बहुतांशी शहराच्या कडेला. घरे सोडतीने वाटली गेली. वृद्ध आणि अपंगांना प्राधान्य मिळाले. कागदावर हा न्याय निर्दोष होता. प्रत्यक्षात जुन्या आळीतली माणसे वेगवेगळ्या वसाहतींत विखुरली, आणि पुढच्या काही वर्षांत या तात्पुरत्या घरांत दोनशेहून अधिक माणसे एकटीच, कोणाच्या लक्षातही न येता मरण पावली. जपानी समाजाने त्या मृत्यूंचा फार मोठा धसका घेतला.

व्हिएतनामी कुटुंबे नागाता सोडायला तयार नव्हती. काम इथे, ओळखीची माणसे इथे, चर्च इथे. लांबच्या वसाहतीत गेले तर भाषा न कळणारी माणसे कोणाला विचारणार, कामावर कशी जाणार? म्हणून ती उद्यानात प्लास्टिकच्या ताडपत्र्यांखाली राहिली. पाऊस आत गळत असे, ऊन तापले की आत थांबवत नसे. शेजारपाजारच्यांना ते आवडले नाही. उद्यानाची झोपडपट्टी होईल, या लोकांना हलवा, असा दबाव येऊ लागला. बाहेरून पाहणाऱ्याला हा निर्वासितांचा हट्ट वाटला असेल. लांबच्या वसाहतींतले ते एकाकी मृत्यू लक्षात घेतले, तर त्यांचा हट्ट शहाणपणाचाच होता असे मला वाटते.

बान नकार ऐकून टोकियोला परतले, पण पुन्हा आले. रविवारमागून रविवार मिस्सेला येत राहिले. येता येता त्यांना तंबूंतली अवस्था दिसली, आणि चर्चचा विषय बाजूला ठेवून त्यांनी आधी घरे बांधली. पाया म्हणजे बिअरचे रिकामे क्रेट, त्यात वाळूच्या पिशव्या भरून. भिंती पुठ्ठ्याच्या नळ्यांच्या, एकीला एक लावून उभ्या केलेल्या. छताला तंबूचे कापड. एक घर सुमारे 16 चौरस मीटरचे. विद्यार्थ्यांनी आणि राहणाऱ्यांनी मिळून ती उभारली, आणि गरज संपली की सगळे मोडून पुन्हा वापरता येण्यासारखे होते. हीच कल्पना बान यांनी 2001 च्या भूकंपानंतर भुजमध्ये आणली. तिथे बिअरचे क्रेट मिळण्यासारखे नव्हते, म्हणून पडलेल्या इमारतींचा राडारोडा पायात भरला आणि वर मातीची जमीन केली.

थोडक्यात, वास्तुविशारदाला चर्चची परवानगी मिळवायला जो रस्ता धरावा लागला तो बेघरांच्या तंबूंतून जात होता. फादर कांडा यांनी हे योजून केले असे मी म्हणणार नाही. त्यांनी क्रम सोडला नाही, एवढेच.

रेडिओ

या साऱ्यावर एक जुनी सावलीही होती. 1 सप्टेंबर 1923 च्या टोकियो-योकोहामा भूकंपानंतर कोरियन लोक विहिरींत विष घालत आहेत, आगी लावत आहेत अशा अफवा उठल्या आणि जमावांनी हजारो कोरियनांना ठार मारले. नागाताच्या कोरियन वस्तीत ही आठवण जिवंत होती. कोबेच्या भूकंपानंतर दोनच आठवड्यांत तिथे कोरियन भाषेतले छोटे रेडिओ प्रक्षेपण सुरू झाले. भाषा कळली नाही तर माणूस मदतीलाही मुकतो आणि अफवेलाही बळी पडतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

एप्रिलमध्ये ताकातोरी चर्चच्या आवारातून व्हिएतनामीसह अनेक भाषांतले दुसरे प्रक्षेपण सुरू झाले. पाणी कुठे मिळेल, कोणता अर्ज कधीपर्यंत भरायचा, दवाखाना कुठे आहे, हे सांगणारे, आणि मध्ये गावाकडची गाणी. पुढे दोन्ही केंद्रे एक झाली आणि 17 जानेवारी 1996 ला, भूकंपाच्या पहिल्या वर्षदिनी, ‘एफएम वायवाय’ या नावाने त्यांना अधिकृत परवाना मिळाला. चर्चच्या आवारात बसून कोरियन, व्हिएतनामी आणि जपानी माणसे आपापल्या भाषांत एकाच शहराशी बोलू लागली. 2016 पर्यंत हे केंद्र हवेतून चालले, नंतर इंटरनेटवर गेले.

हे उपासनेत धरायचे की नाही? मी धरतो. मिस्सेतल्या सामूहिक प्रार्थनेत आपण पीडितांसाठी, परक्यांसाठी विनवणी करतो. त्या विनवणीला ताकातोरीत अर्ज भरण्याची अखेरची तारीख आणि टँकरची वेळ जोडली गेली.

अठ्ठावन्न नळ्या

यानंतर कुठे चर्चचा विषय पुन्हा निघाला. बान यांनी पैसे आणि माणसे आपणच जमवायची, अशा बोलीवर फादर तयार झाले. 160 स्वयंसेवकांनी पाच आठवड्यांत काम केले आणि सप्टेंबर 1995 मध्ये इमारत पूर्ण झाली.

ती अशी होती. बाहेरून 10 मीटर रुंद आणि 15 मीटर लांब, पन्हळी पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे टणक प्लास्टिकच्या पत्र्यांचा साधा चौकोनी आडोसा. आत 58 पुठ्ठ्याच्या नळ्या, प्रत्येकी 5 मीटर उंच आणि साधारण 33 सेंटिमीटर व्यासाच्या, लंबवर्तुळात उभ्या केलेल्या. वर तंबूचे पांढरे कापड, त्यातून दिवसाचा उजेड झिरपणारा. वेदीमागे नळ्या जवळजवळ लावलेल्या, त्यामुळे तिथे भिंत तयार होई. दाराकडे त्या लांब लांब, आणि पुढचा आडोसा उघडला की आतली जागा सरळ रस्त्याकडे मोकळी होई. सुमारे 80 माणसे बसत. अधिक आली तर ती बाहेर उभी राहत, आणि तरीही ती मिस्सेतच असत. शेकोटीभोवतीच्या मिस्सेचा मोकळेपणा या रचनेने जपला, हा मला तिचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. कागद जळेल ही भीती स्वाभाविक होती, पण घट्ट गुंडाळलेली जाड नळी पातळ कागदासारखी भुर्रकन पेटत नाही.

नाव पडले ‘पेपर डोम’. ती मुळातच फक्त चर्च म्हणून बांधलेली नव्हती. ती वस्तीची बैठकीची जागा होती, जिथे मिस्साही होई. तिथे सभा झाल्या, संगीताचे कार्यक्रम झाले, लग्ने लागली. काही वर्षांसाठी उभारलेली इमारत दहा वर्षे टिकली. या काळात मदतकेंद्राची संस्था झाली, ‘ताकातोरी कम्युनिटी सेंटर’. परदेशी रहिवाशांना भाषांतर, मुलांना अभ्यासात मदत, कायदेशीर सल्ला अशी कामे ती करू लागली. कार्यकर्त्यांत बौद्ध होते, कोणताच धर्म न मानणारेही होते. धर्मगुरू त्यांना बाप्तिस्म्याच्या रांगेत उभे करायला बघत नव्हते, आणि मला वाटते म्हणूनच ते टिकले.

तुलनेसाठी क्राइस्टचर्च

याच बान यांचे दुसरे कागदी चर्च अधिक गाजले. 22 फेब्रुवारी 2011 ला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरातल्या भूकंपात 185 माणसे गेली आणि शहराच्या मध्यावरचे अँग्लिकन कॅथीड्रल मोडले. त्याचा मनोरा कोसळला. बान यांनी मानधन न घेता तात्पुरत्या कॅथीड्रलचा आराखडा दिला आणि ऑगस्ट 2013 मध्ये पुठ्ठ्याच्या मोठ्या नळ्यांची, सुमारे 700 माणसे मावणारी वास्तू उघडली. ती सुंदर आहे आणि तिथे मनापासून उपासना होते.

पण तिथला वाद दगडी कॅथीड्रलभोवती फिरत राहिला. 2012 मध्ये बिशप व्हिक्टोरिया मॅथ्यूज यांनी ते उतरवण्याचा निर्णय जाहीर केला. वारसा जपू पाहणारे न्यायालयात गेले. मूळ वास्तूच्या विम्याचा पैसा तात्पुरत्या वास्तूवर खर्चता येईल का, हाही प्रश्न न्यायालयासमोर आला. 2017 मध्ये धर्मप्रांताच्या सभेने अखेर पुनर्बांधणीच्या बाजूने मत दिले, काम सुरू झाले, खर्च वाढत गेला आणि 2024 मध्ये पैशाअभावी ते थांबवावे लागले.

या दोन शहरांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. क्राइस्टचर्चचे कॅथीड्रल हे साऱ्या शहराचे ओळखचिन्ह होते, आणि चर्चला न जाणाऱ्या नागरिकांचाही त्यावर हक्क होता. ताकातोरीची लाकडी इमारत वस्तीबाहेर कोणाला माहीतही नव्हती. गरीब, दुर्लक्षित धर्मग्रामाला इमारतीचा मोह सोडणे सोपे गेले, असा आक्षेप कोणी घेईल. तो मी काही अंशी मान्य करतो. तरी क्राइस्टचर्चकडे पाहून एक गोष्ट मला अस्वस्थ करते. तिथे मोडलेल्या दगडांचे काय करायचे, या प्रश्नाने समाजाची इतकी वर्षे आणि इतकी ताकद घेतली की भूकंपात जगणे उसवलेल्या माणसांचा विषय चर्चच्या बातम्यांत मागे पडला. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी मदत केली नाही असे मुळीच नाही, पुष्कळ केली. पण वादाचा प्रकाश दगडांवर राहिला.

ताकातोरीचेही सगळे सुरळीत झाले असे समजू नये. बूट कारखान्यांचा धंदा पूर्वीसारखा परत आला नाही. नवी रुंद रस्त्यांची, उंच इमारतींची आखणी झाली, आणि जुन्या भाडेकरूंपैकी अनेकांना नागाता सोडावे लागले. धर्मग्रामाने हे थांबवले नाही, थांबवू शकलेही नसते. उद्यानातल्या कुटुंबांना शेजाऱ्यांनी एका रात्रीत स्वीकारले, असेही झाले नाही. जे झाले ते इतकेच की ज्यांना हलवा म्हणत होते त्यांच्या बाजूने उभे राहणारी एक जागा त्या वस्तीत होती, आणि ती जागा म्हणजे चर्चचे आवार होते.

दहा वर्षांनंतर

2005 मध्ये कायमची इमारत बांधायचे ठरले आणि पेपर डोम उतरवायची वेळ आली. तेव्हा तैवानहून आलेल्या लोकांनी तो मागितला. 21 सप्टेंबर 1999 च्या भूकंपात तैवानमध्ये 2,400 हून अधिक माणसे गेली होती, आणि केंद्राजवळच्या पुली भागातले ताओमी हे खेडे बेडूक, फुलपाखरे आणि पाणथळ जागा जपत नव्याने उभे राहत होते. दोन्ही देशांतले पुनर्वसनाचे कार्यकर्ते एकमेकांकडे जात-येत होते, त्या ओळखीतून ही मागणी आली. 58 नळ्या सुट्या करून समुद्रापार गेल्या आणि 21 सप्टेंबर 2008 ला, त्यांच्या भूकंपाच्या नवव्या वर्षदिनी, ताओमीत पेपर डोम पुन्हा उघडला. तिथे तो धर्मग्रामाचे चर्च नाही. गावाची सभा, प्रदर्शन, संगीत यांची जागा आहे, आणि माणसे ती पाहायला लांबून येतात. कॅथलिक म्हणून मला त्याची हळहळ वाटायला हवी, असे कोणी म्हणेल. मला ती वाटत नाही. ज्या वास्तूत पहिल्या दिवसापासून मिस्सा आणि गावाची बैठक एकाच छताखाली होती, तिने दुसऱ्या भूकंपग्रस्तांकडे जाताना बैठक सोबत नेली. मिस्सा ताकातोरीत राहिली, कारण ती करणारी माणसे ताकातोरीत होती.

त्यांचे नवे चर्च 2007 मध्ये पूर्ण झाले. आराखडा पुन्हा शिगेरू बान यांचाच होता, आणि वेदीसोबत त्याच आवारात भाषांतराचे, मुलांच्या अभ्यासाचे आणि रेडिओचे काम करणाऱ्या गटांसाठीही जागा ठेवली गेली.